आरंभीचे सोव्हिएत नाट्यपट: भाव कुठे शोधायचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: एका रसास्वाद शिबिरात आपण ‘बॅटलशिप पोटेमकिन’ आणि ‘मदर’ हे दोन सोव्हिएत मूकपट पाहिले, त्यांच्या संकलनाची थोरवी ऐकली आणि ती पटलीही, परंतु नाट्य म्हणून ते मनाला भिडले नाहीत. नट एक तर दगडी वाटले, नाही तर अतिरंजित. कथा प्रचारकी वाटली. आणि आयझेनस्टाइन, पुदोव्हकिन, डोव्हझेन्को ही नावे वेगवेगळी घेतली जात असली तरी सगळे ‘मोन्ताजवाले’ (म्हणजे शॉटच्या जोडणीतून अर्थ घडवणारे) एकाच साच्यातले वाटले. तेव्हा हे चित्रपट नाट्यपट म्हणून कसे पाहावेत आणि या दिग्दर्शकांच्या शैली कशा ओळखाव्यात, असे आपण विचारता.

यातला बराचसा दोष आम्हा शिकवणाऱ्यांकडे जातो, हे आधी कबूल करतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून येणाऱ्या सोळा मिलिमीटरच्या प्रती दाखवण्याच्या काळापासून मी हे चित्रपट शिबिरांत दाखवत आलो आहे, आणि पहिली अनेक वर्षे मीही तेच केले जे बहुतेक जण करतात: ‘पोटेमकिन’मधला ओदेसाच्या पायऱ्यांवरच्या गोळीबाराचा तुकडा वेगळा काढून दाखवायचा, शॉट मोजायला लावायचे आणि ‘मोन्ताज’ हा शब्द फळ्यावर लिहायचा. एखाद्या नाटकातली नुसती स्वगते काढून ऐकवावीत तसा हा प्रकार आहे. ऐकणाऱ्याला नटाचा आवाका कळतो. नाटक मात्र कळत नाही.

माझे म्हणणे असे आहे की या चित्रपटांत भावना कमी नाही, ती आपण जिथे शोधतो तिथे बहुतेक वेळा नसते. आपल्या नाट्यपरंपरेचेच शब्द वापरायचे तर भाव कशामुळे जागा होतो ते ‘विभाव’, आणि तो शरीरावर कसा उमटतो ते ‘अनुभाव’. अश्रू, कंप, स्वरभंग हे सारे अनुभाव होत. संगीत नाटकापासून बोलपटापर्यंत आपली सवय अनुभावाची आहे. नटाच्या चेहऱ्यावर आणि कंठात काय उमटले ते पाहून आपण हेलावतो. १९२० च्या दशकातल्या तरुण सोव्हिएत दिग्दर्शकांनी भावाचा भार अनुभावावरून काढून विभावावर टाकला. दुःख करणारी व्यक्ती ते क्षणभर दाखवतात; दुःख ज्यांत साठले आहे त्या वस्तू, ते पाणी, ती रिकामी जागा मात्र पुन्हा पुन्हा दाखवतात. ही तुलना माझी आहे, त्या मंडळींनी भरतमुनी वाचला होता असे मला सुचवायचे नाही. पण ही किल्ली हातात घेऊन पाहिले की बंद वाटणारे बरेच दरवाजे उघडतात.

हे वळण का घेतले गेले, याला सौंदर्यदृष्टीइतकेच परिस्थितीचेही कारण होते. क्रांतीपूर्व रशियन चित्रपट मंद लयीचा आणि लांब शॉटचा होता. १९१७ मध्ये वारलेले येव्हगेनी बाउअर हे त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण. त्यांच्या चित्रपटांत नट सावकाश चालतो, थांबतो, आणि दुःख त्या थांबण्यात पसरत जाते. लेव्ह कुलेशोव्ह हा विशीही न ओलांडलेला तरुण त्यांच्याकडेच नेपथ्याचे काम करत होता. यादवी युद्धाच्या काळात कच्ची फिल्म मिळेनाशी झाली, ऑगस्ट १९१९ मध्ये चित्रपटव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्याच वर्षी मॉस्कोत सुरू झालेल्या सरकारी चित्रपटशाळेत कुलेशोव्हचा वर्ग फिल्मविना चित्रपटांचे प्रयोग करू लागला: रंगमंचावर ‘शॉट’ उभे करायचे आणि पडदा उघडझाप करून ते ‘जोडायचे’. हातात फिल्म नसताना संकलनाचा विचार करावा लागल्यामुळे प्रत्येक शॉट किती लांब हवा, हा त्यांच्यासाठी जवळजवळ शिधावाटपाचा प्रश्न होता. याच काळात अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथचा ‘इन्टॉलरन्स’ रशियात पोहोचला आणि या मंडळींनी तो पोथीसारखा वाचला.

मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा वाटीभर सूप, शवपेटी इत्यादींना जोडला असता प्रेक्षकांना त्यात भूक, शोक असे वेगवेगळे भाव दिसले, हा कुलेशोव्हचा प्रयोग आपण शिबिरात ऐकलाच असेल. तो मूळ तुकडा उपलब्ध नाही, आणि त्याचे वर्णन कुलेशोव्ह व पुदोव्हकिन वेगवेगळे करतात. तेव्हा त्याला प्रयोगशाळेतला निष्कर्ष समजू नये. त्याचे खरे महत्त्व एवढेच की या पिढीचा कशावर विश्वास होता ते त्यातून कळते.

तो विश्वास नाट्यात कसा उतरतो हे पाहायचे असेल तर कुलेशोव्हचाच १९२६ चा ‘बाय द लॉ’ पाहावा. जॅक लंडनच्या एका कथेवरून व्हिक्तर श्क्लोव्हस्कीने त्याची पटकथा केली. पाच पात्रे, युकॉनच्या निर्जन प्रदेशातली एक लाकडी खोपटी, सोन्याचा शोध. त्यातला एक, डेनिन, जेवणाच्या वेळी दारातून येतो आणि दोघांना गोळ्या घालतो. उरलेले नवरा-बायको त्याला बांधून ठेवतात, आणि मग पूर येतो, बर्फ फुटते, बाहेर पडण्याची वाट बंद होते. त्याला मारून टाकायचे की ‘कायद्याने’ न्याय करायचा, या प्रश्नावर तिघे जण एकाच खोलीत दिवस काढतात. चित्रण मॉस्को नदीच्या काठी झाले आणि पडद्यावरचा वसंतातला पूर खराखुरा आहे. या चित्रपटात कापाकापी तुलनेने थोडी आहे, आणि अनेकांना हे चकित करते. इथे कुलेशोव्हचा भर नटाच्या शरीराच्या रेषांवर आहे. अलेक्सांद्रा खोखलोवाचे उंच, हाडकुळे, कोनाकोनांचे शरीर हेच त्या खोपटीतले सर्वांत अस्वस्थ करणारे दृश्य आहे. मधेच तिचा वाढदिवस येतो. बांधलेला खुनी तिला स्वतःचे घड्याळ भेट देतो, आणि काही क्षण ते तिघे एका कुटुंबासारखे दिसतात. नंतर राणी व्हिक्टोरियाच्या चित्राखाली खटला चालतो आणि उघड्या आभाळासमोर एका झाडाला दोर बांधला जातो. लंडनच्या कथेत नसलेला शेवट चित्रपटात आहे: फाशी दिलेला डेनिन तुटलेला दोर गळ्यात घेऊन दारात परत येतो, आणि पावसात निघून जातो. त्याला पाहून त्या दोघांच्या चेहऱ्यावर काय उमटते ते जरूर पाहावे, पण त्याआधी दारातून येणारा वारा आणि पाऊस पाहावा.

आता शैली ओळखण्याची माझी पद्धत सांगतो. ती फार साधी आहे आणि काहीशी अशुभही: प्रत्येक दिग्दर्शक मृत्यू कसा दाखवतो, तेवढेच पाहावे. या काळातल्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटात मृत्यू आहे, आणि तिथे दिग्दर्शकाला आपले पत्ते उघडावेच लागतात.

पुदोव्हकिनच्या ‘मदर’ (१९२६) पासून सुरुवात करू, कारण तो आपण पाहिला आहे आणि गोर्कीची ‘आई’ मराठी वाचकाला अनोळखी नाही. कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना नातान झार्खीच्या पटकथेने केलेला बदल लगेच कळेल. कादंबरीत बाप आरंभीच आजाराने मरतो. चित्रपटात तो संप फोडणाऱ्यांच्या टोळीत सामील होतो आणि मुलगा पावेल संपकऱ्यांत असतो. त्या झटापटीत बाप मारला जातो. मुलाने लपवलेली शस्त्रे कुठे आहेत हे आई पोलिसांना दाखवते, कारण खरे सांगितले की ते मुलाला सोडतील असे तिला भाबडेपणाने वाटते. हेही कादंबरीत नाही. म्हणजे विचारांच्या प्रवासाची एक संथ कथा घेऊन पटकथाकाराने तिची तीन माणसांची शोकांतिका केली, आणि प्रचाराच्या गरजेपेक्षा ही गरज नाट्याची होती. आई स्वतःच मुलाला तुरुंगात पाठवते, हा प्रसंग कोणत्याही काळात, कोणत्याही राजवटीत नाट्यच ठरेल.

बापाचे प्रेत घरात आणल्यानंतरचे दृश्य पुन्हा एकदा पाहावे. आई बसलेली आहे, जवळजवळ हालचाल नाही. भिंतीवरच्या तोंड धुण्याच्या भांड्यातून खाली थेंब थेंब पाणी पडते आहे. आई, थेंब, प्रेत, पुन्हा थेंब. आपण शिबिरात हे पाहिलेच असणार, परंतु बहुधा आईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला असाल आणि तिथे ‘काही घडत नाही’ असे वाटले असेल. थेंब पाहावेत. मूकपटात ते ऐकू येत नाहीत, तरी आपल्याला ऐकू येऊ लागतात. घरातली शांतता किती आहे हे त्या न ऐकू येणाऱ्या आवाजाने कळते. मग त्या आवाजामागून तिला जमिनीखाली लपवलेल्या बोचक्याची आठवण येते. शोकातून भयाकडे जाणारी ही वाट चेहऱ्याने दाखवायची तर नटीला केवढा आटापिटा करावा लागला असता! व्हेरा बारानोव्हस्काया मॉस्को आर्ट थिएटरच्या मुशीतली नटी होती, तिला ते जमलेही असते. पुदोव्हकिनने तिला ते करू दिले नाही.

हीच रीत आनंदालाही लावलेली आहे. तुरुंगात पावेलला सुटकेच्या बेताची चिठ्ठी मिळते तेव्हा त्याचे हात, हनुवटी आणि ओठांची कड एवढेच दिसते, आणि त्याला वसंतातला ओढा, पाण्यावरचे ऊन, पाखरे आणि एक हसणारे मूल जोडले जाते. पुदोव्हकिनने पुढे आपल्या लेखनात या दृश्याचा आवर्जून उल्लेख केला. खरे सांगायचे तर मला ते आज थोडे शालेय वाटते. ठिबकणाऱ्या पाण्यात जी अपरिहार्यता आहे ती हसणाऱ्या मुलात नाही, कारण पाणी त्या खोलीतले आहे आणि मूल बाहेरून आणलेले आहे. पुदोव्हकिनच्या शैलीतले बळ आणि दुबळेपणा या दोन दृश्यांत शेजारी शेजारी दिसतो. शेवटी फुटणारे नदीचे बर्फ मात्र दोन्ही आहे: ते रूपक आहे आणि पावेलची पळून जाण्याची प्रत्यक्ष वाटही आहे. त्याच धावपळीच्या शेवटी तो आईच्या मिठीत गोळी लागून मरतो आणि आई झेंडा उचलते. अनातोली गोलोव्न्याच्या कॅमेऱ्याने आरंभी आईला वरून, जमिनीला चिकटल्यासारखे टिपले होते; आता तो तिला खालून, आभाळासमोर पाहतो. आणखी एक गंमत: कोर्टाच्या प्रसंगात एक न्यायाधीश घोडीचे चित्र काढण्यात गुंग आहे. असा तपशील घालणारा दिग्दर्शक कोरडा प्रचारक असू शकत नाही, असे माझे मत आहे.

पुदोव्हकिन शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ होता, आणि शॉट विटांसारखे एकावर एक रचून अर्थ उभा करायचा, असे त्याचे म्हणणे होते. आयझेनस्टाइनला हे मान्य नव्हते. त्याच्या मते दोन शॉट जुळत नाहीत, आदळतात, आणि त्या धडकेतून तिसरा अर्थ निघतो. १९२९ च्या एका निबंधात त्याने जपानी चित्रलिपीचा दाखला दिला: सुरी आणि हृदय ही दोन चिन्हे एकत्र आली की ‘दुःख’ असा अर्थ होतो, जो दोहोंपैकी एकातही नसतो. म्हणूनच त्याच्याकडे मृत्यू एखाद्या घरातला नसतो. ‘पोटेमकिन’ (१९२५) हा मुळात १९०५ च्या क्रांतीच्या विसाव्या स्मृतिवर्षासाठीचा व्यापक चित्रपट होणार होता. त्यातला एकच प्रसंग, एका युद्धनौकेवरचे खलाशांचे बंड, वाढत जाऊन पाच अंकांचे नाटक झाले. होय, पाच अंकांचे; प्रत्येक अंकाला शीर्षक आहे आणि प्रत्येकाच्या मधोमध एक उलट वळण आहे. सुमारे सव्वा तासात तेराशेहून अधिक शॉट आहेत, पण रचना जुन्या शोकांतिकेची आहे. नायकाच्या जागी समूह आहे, म्हणून आपल्याला नायक सापडत नाही आणि आपण चित्रपट थंड आहे असे म्हणतो. नट निवडतानाही त्याला अभिनय नको होता. रस्त्यावरचा चेहरा पाहताक्षणी माणसाचा वर्ग, स्वभाव, वय कळले पाहिजे, एवढीच अपेक्षा. आयझेनस्टाइन नाट्यदिग्दर्शक मेयरहोल्डच्या नाट्यशाळेतून आला होता, हे लक्षात ठेवले तर शरीराकडे पाहण्याची त्याची ही नजर कुठून आली ते कळते.

पायऱ्यांच्या दृश्यातला काळ घड्याळाचा नाही. सैनिक उतरतच राहतात. त्या पायऱ्या प्रत्यक्षात इतका वेळ पुरणाऱ्या नाहीत. १९०५ मध्ये ओदेसात गोळीबार झाला होता, पण पायऱ्यांवरचे हत्याकांड जसे दाखवले आहे तसे घडले नव्हते. सगळे खाली धावत असताना मेलेले मूल हातात घेऊन एक आई वर चढू लागते, तो क्षण आपण दिशेच्या दृष्टीने पाहावा: पडद्यावरची एकच रेघ उलटी जाते. आयझेनस्टाइनचा करुणरस भूमितीत आहे. कुणाला हे अमानुष वाटेल. मलाही काही दिवशी वाटते.

डोव्हझेन्को या दोघांहून पूर्ण वेगळा आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठा कवी. तो युक्रेनी शेतकऱ्याचा मुलगा. चौदा भावंडांपैकी बहुतेक लहानपणीच वारलेली. पुढे शिक्षक, चित्रकार, व्यंगचित्रकार आणि मग दिग्दर्शक. त्याला ‘रशियन’ म्हणणे चूक आहे. त्याचे मूकपट युक्रेनच्या चित्रसंस्थेत, युक्रेनच्या भूमीवर झाले. त्याचा १९३० चा चित्रपट आपल्याकडे ‘अर्थ’ या इंग्रजी नावाने ओळखला जातो. मराठीत त्याने घोटाळा होतो, म्हणून मी ‘भूमी’ म्हणतो. त्याच्या आरंभीच सेमेन नावाचा म्हातारा सफरचंदांच्या राशीशेजारी पहुडलेला आहे. तो मरणार आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यालाही. तो फळ खातो, हसतो. त्याचा मित्र पेत्रो त्याला सांगतो की तिकडे गेल्यावर कसे काय आहे ते कळव. लहान मुले बाजूला फळे खात बसली आहेत. मग तो पडून राहतो आणि मरतो. पुढे पेत्रो त्याच्या थडग्याला कान लावून खरोखरच विचारपूस करतो. आपल्याकडच्या कुठल्याही खेड्यातल्या वृद्धाला हा विनोद समजेल.

दुसरा मृत्यू याच म्हाताऱ्याच्या नातवाचा. वासिल गावात ट्रॅक्टर घेऊन आलेला तरुण. उन्हाळ्याची चांदणी रात्र, जागोजागी स्तब्ध उभी असलेली प्रेमी जोडपी. वासिल आपल्या प्रेयसीला भेटून एकटाच घरी परततो आहे. चालता चालता त्याच्या पावलांत नाच येतो, धूळ उडते, तो रस्त्याने नाचत नाचत जवळ येतो, आणि अकस्मात कोसळतो. गोळी झाडणारा दिसत नाही. एक घोडा मान वर करतो. बस. त्या घोड्याच्या मानेइतका अचूक शोक मी पडद्यावर क्वचित पाहिला आहे. इथे ना विटांची रचना आहे, ना धडक. डोव्हझेन्को दोन दृश्यांत एवढी मोकळी जागा ठेवतो की अर्थ आपण भरावा. त्याचे शॉट लांब असतात, माणसे पुतळ्यांसारखी उभी असतात, आणि दानिलो देमुत्स्कीच्या कॅमेऱ्यात आभाळ चौकटीचा बराचसा भाग व्यापून राहते. अंत्ययात्रेत वासिलच्या उघड्या चेहऱ्याला सफरचंदाच्या फांद्या घासून जातात. त्याच वेळी त्याच्या आईला प्रसूतिवेणा सुरू होतात, त्याची प्रेयसी विवस्त्र होऊन शोकाने वेडीपिशी होते, खुनी स्मशानात ओरडून कबुली देतो आणि त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. शेवटी फळांवर पाऊस पडतो.

आता प्रचाराचा मुद्दा, कारण ‘भूमी’बद्दल बोलताना तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. हा चित्रपट शेतीच्या सामूहिकीकरणाचे, म्हणजे खासगी जमिनी एकत्र करून सामूहिक शेती करण्याचे, समर्थन करतो. त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्याच युक्रेनमध्ये, त्याच धोरणाच्या सक्तीमुळे पडलेल्या १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली. हे माहीत असताना ती फळे आणि तो पाऊस निर्मळ मनाने पाहता येत नाही, आणि पाहूही नये. पण दुसरी बाजू अशी की ज्यांच्यासाठी हा प्रचार होता त्यांनाच तो पसंत पडला नाही: कवी देम्यान बेद्नीने ‘इझ्वेस्तिया’ या सरकारी दैनिकातून त्यावर झोड उठवली, आणि ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये पाणी नसल्यामुळे गावकरी त्यात लघवी करतात ते दृश्य आणि विवस्त्र प्रेयसीचे दृश्य कापले गेले. मृत्यू, जन्म आणि फळ यांना एकाच पातळीवर ठेवणाऱ्या कलावंताला वर्गशत्रूचा पुरेसा राग येत नाही, हे टीकाकारांनी बरोबर ओळखले होते. म्हणून माझा सल्ला असा की प्रचार बाजूला सारून ‘शुद्ध कला’ पाहण्याचा खटाटोप करू नये. चित्रपट आपल्या घोषणेशी कुठे प्रामाणिक राहतो आणि कुठे तिला निसटून जातो, ती जागा शोधावी. नाट्य बहुधा तिथेच असते.

‘सगळे एकाच साच्याचे’ ही आपली तक्रार मुख्यतः शिबिरांच्या यादीमुळे आहे. त्या यादीबाहेर खोलीतले, घरातले नाट्य करणारे दिग्दर्शक होते आणि आपल्याला बहुधा तेच आधी आवडतील. अब्राम रूमचा ‘बेड अँड सोफा’ (१९२७) मॉस्कोच्या घरटंचाईवर आहे: तळघरवजा एका खोलीत नवरा-बायको, आणि राहायला जागा नाही म्हणून सोफ्यावर आलेला नवऱ्याचा मित्र. नवरा परगावी जातो, बायको आणि मित्र जवळ येतात, मग नवरा सोफ्यावर आणि मित्र पलंगावर. आणि थोड्याच दिवसांत दुसरा पुरुषही पहिल्यासारखाच चहाची वाट पाहत बसू लागतो. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला या चित्रपटाला तळटीप लागत नाही. पलंग, सोफा, पडदा, खिडकीतून दिसणारे रस्त्यावरचे पाय, एवढ्या सामग्रीवर रूम तिघांचे नाते सतत नव्याने मांडतो. चित्रपट सुरू होतो तेव्हा मित्र आगगाडीने मॉस्कोत येत असतो. संपतो तेव्हा दोघांनाही सोडून, पोटातले मूल ठेवण्याचा निर्णय घेऊन ती स्त्री आगगाडीने मॉस्कोबाहेर जात असते. इथे घोषणा नाही, आणि त्या वेळच्या टीकाकारांना तेच खटकले.

याकोव्ह प्रोताझानोव्ह हा जुन्या पिढीतला, परदेशी जाऊन १९२३ मध्ये परत आलेला दिग्दर्शक. मोन्ताजच्या वादात तो पडला नाही. त्याच्या १९२७ च्या ‘फॉर्टी-फर्स्ट’मध्ये चाळीस शत्रू टिपलेली लाल सैन्यातली नेमबाज मुलगी आणि तिचा एकेचाळिसावा ठरू शकला असता असा श्वेत, म्हणजे क्रांतिविरोधी, सैन्याचा अधिकारी अरल समुद्रातल्या बेटावर एकत्र अडकतात; बाकी काय होणार ते शीर्षकानेच सांगितले आहे, तरी शेवट धक्का देतो. ओल्गा प्रेओब्राझेन्स्कायाचा ‘विमेन ऑफ रियाझान’ (१९२७) सासऱ्याने नासवलेल्या सुनेची गोष्ट सांगतो; गावगाडा, सण आणि सोवळेपणाचे ढोंग यांचे त्यातले चित्रण आपल्याला फार परके वाटणार नाही. कोझिन्त्सेव्ह आणि त्राउबेर्ग यांचा ‘न्यू बॅबिलॉन’ (१९२९) पॅरिस कम्यूनवर, म्हणजे १८७१ च्या पॅरिसमधल्या कामगारांच्या उठावावर, आहे आणि त्याला तरुण शोस्ताकोविचचे पहिले चित्रपटसंगीत आहे. मला त्यातली सजावट जड वाटते, पण पावसात प्रेयसीसाठीच खड्डा खणणारा सैनिक विसरता येत नाही.

फ्रीडरिश एर्मलरच्या ‘फ्रॅगमेंट ऑफ ॲन एम्पायर’ (१९२९) बद्दल मात्र थोडे थांबून सांगतो, कारण नटाचा अभिनय आणि मोन्ताज यांचे भांडण त्यात मिटलेले दिसते. महायुद्धात स्मृती गेलेला एक सैनिक दहा वर्षे भ्रमिष्टासारखा काढतो. एके दिवशी आगगाडीच्या खिडकीत त्याला बायकोचा चेहरा ओझरता दिसतो. घरी येऊन तो शिवणयंत्र चालवू लागतो, आणि यंत्राच्या खटखटीतून मशिनगन आणि तिच्यामागून सारा भूतकाळ कोसळत परत येतो. शॉट इतके तुटक होत जातात की ती स्मृती त्याच्या डोक्यात नाही, आपल्याच डोळ्यांवर आदळते. आणि त्या सगळ्यात फ्योदर निकितिनचा चेहरा खराखुरा अभिनय करत राहतो. विभाव आणि अनुभाव एकाच दमात. तो मग ज्या पीटर्सबर्गला परततो त्याचे नाव लेनिनग्राड झालेले असते, आणि तो ‘इथला मालक कोण?’ असे विचारत फिरतो. हा प्रश्न चित्रपटाला जेवढा सोपा वाटला तेवढा आपल्याला आज वाटत नाही.

अतिरंजित अभिनयाबद्दलच्या आपल्या तक्रारीत एक तांत्रिक भागही आहे. मूकपट बहुधा सेकंदाला चोविसापेक्षा कमी चौकटींच्या गतीने चित्रित होत. ते बोलपटाच्या गतीने फिरवले की माणसे झटके दिल्यासारखी हलतात आणि शोक हास्यास्पद होतो. इंटरनेटवर मिळणाऱ्या अनेक प्रतींत हा दोष आहे. शिवाय संगीत नंतर जोडलेले असते आणि ते चित्रपटाचा स्वभावच बदलते: ‘मदर’ची बरीच पाहिली जाणारी प्रत १९६८ मध्ये ख्रेन्निकोव्हच्या संगीतासह तयार झालेली आहे, आणि ‘भूमी’च्या २०१२ च्या युक्रेनी आवृत्तीला दाखाब्राखा या वाद्यवृंदाचे संगीत आहे. ‘पोटेमकिन’साठी २००५ मध्ये बर्लिनला पुनरुज्जीवित झालेली, मायझेलच्या संगीताची आणि हाताने रंगवलेल्या लाल झेंड्याची प्रत शोधावी. संगीत नकोसे झाले तर आवाज बंद करावा. ‘मदर’मधले थेंब तेव्हाच नीट ‘ऐकू’ येतात.

आवाजावरून आठवले. १९२८ मध्ये आयझेनस्टाइन, पुदोव्हकिन आणि अलेक्सांद्रोव्ह यांनी जाहीरनामा काढून बजावले होते की ध्वनी चित्राशी समांतर नको, विरोधात हवा. ही सूचना सर्वांत सहज अंगी बाणवली ती या जाहीरनाम्यावर सही नसलेल्या बोरिस बार्नेटने. कुलेशोव्हचा हा माजी मुष्टियोद्धा शिष्य १९३३ च्या ‘आउटस्कर्ट्‌स’मध्ये महायुद्धकाळातल्या एका आडगावातल्या मोच्यांची, तिथे आलेल्या जर्मन युद्धकैद्याची आणि त्याच्यावर जीव जडलेल्या रशियन मुलीची गोष्ट सांगतो. हसू आणि मृत्यू यांच्यामध्ये तो भिंत घालत नाही. १९३४ नंतर समाजवादी वास्तववादाचा, म्हणजे कलेने पक्षाच्या ध्येयाला पोषक असेच वास्तव दाखवावे असा, दंडक आला आणि असे दोन्ही हातांनी धरलेले चित्रपट करणे कठीण होत गेले. आयझेनस्टाइनच्या, मधेच बंद पाडल्या गेलेल्या ‘बेझिन मेडो’ची तर काही स्थिरचित्रेच उरली.

पुदोव्हकिन स्वतः १९५१ मध्ये अभिनेते चेरकासॉव्ह यांच्यासह भारतात येऊन गेले, आणि त्यांच्या संकलनविषयक पुस्तकावर आपल्याकडच्या कित्येक दिग्दर्शकांनी हात बसवला. त्यामुळे आपल्या फिल्म सोसायट्यांत पुदोव्हकिनपासून सुरुवात करण्याची रूढी आहे. मी आपल्याला उलटा क्रम सुचवेन. आधी ‘बेड अँड सोफा’ पाहावा, मग ‘बाय द लॉ’, म्हणजे खोलीतले नाट्य या मंडळींना किती कळत होते याची खात्री पटेल. नंतर ‘मदर’ आणि ‘भूमी’ आठवडाभराच्या अंतराने. ‘पोटेमकिन’ सर्वांत शेवटी, आणि तोही पायऱ्यांसाठी नको. तिसऱ्या अंकाच्या आरंभी बंदरातले धुके पाहावे. ते धुके ठरवलेले नव्हते. चित्रण थांबलेल्या दिवशी छायालेखक तिस्से कॅमेरा घेऊन बाहेर पडला आणि ते टिपले गेले. जहाजे, डोलकाठ्या, पाण्यावर बसलेला पक्षी. कोणीही रडत नाही, कोणीही धावत नाही. मग धक्क्यावरचा तंबू, त्यात बंडात मारल्या गेलेल्या वाकुलिन्चुक या खलाशाचे प्रेत, हातात मेणबत्ती, आणि छातीवर एक चिठ्ठी: चमचाभर सूपसाठी.